इतिहासाचे एक साधन

निवृत्त माणसाने काय करावे याबद्दल आपल्या समाजात कमालीचे एकमत आहे. पहाटे कानटोपी घालून फिरायला जावे, येताना मेथीची जुडी आणावी, दुपारी वर्तमानपत्राची पुरवणी छातीवर ठेवून डोळे मिटावेत आणि संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून देश रसातळाला चालल्याची एकमेकांकडून खात्री करून घ्यावी. नगरच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षे इतिहास शिकवून घरी बसल्यावर मीही हे सारे नेकीने केले. पण तिसऱ्या वर्षी माझ्या हातून आगळीक घडली. मी पारनेर तालुक्यातल्या एका मळ्यातून गंजलेली जीप विकत आणली.

'आणली' म्हणण्यात थोडी बढाई आहे. ती ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडाने बांधून आली. पुढे ट्रॅक्टर, मागे जीप, जीपच्या स्टिअरिंगवर मी आणि मागच्या फळीवर एक कोंबडी, अशी आमची मिरवणूक सावेडीतल्या गल्लीत शिरली. कोंबडी व्यवहारात नव्हती. पण गेली चार वर्षे ती त्या जीपमध्येच अंडी घालत होती आणि जागा सोडायला तयार नव्हती. कूळकायदा तिला पाठ असावा.

सौ. दारात उभी होती. तिने जीपकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. दोघांपैकी जास्त गंजलेले कोण, हे ठरवायला तिला थोडा वेळ लागला.

"केवढ्याला?"

"पंच्याऐंशी हजार."

"वजन किती?"

"असेल हजारेक किलो."

"भंगारवाला तीस रुपये किलोनं लोखंड घेतो. म्हणजे तीस हजार झाले. वरचे पंचावन्न हजार कशाचे?"

"इतिहासाचे," मी म्हणालो.

"अहो, पण इतिहास तर तुम्ही शाळेत फुकट वाटत होता ना? तेव्हा कुणी घेतला नाही."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात आतून काठी टेकत आप्पा आले. आमचे आप्पा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी खात्यात जीप चालवण्यात काढली. मला वाटले, जीप पाहून त्यांचे डोळे पाणावतील. खरे सांगायचे तर जीप घेण्यात माझा तो एक छुपा हेतूही होता. आप्पांनी बॉनेटवर काठीने दोनदा टकटक केले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "डिझेल विंजन बशिवलंय. येडा झाला का रं?" आणि आत जाऊन टीव्ही लावला.

आता हे सारे झाले कसे, ते सांगतो.

चौतीस वर्षे मी मुलांना शिकवले, की इतिहासाची साधने तीन प्रकारची: भौतिक, लिखित आणि मौखिक. भौतिक म्हणजे किल्ले, नाणी, भांडी. लिखित म्हणजे ताम्रपट, बखरी, दफ्तरे. मौखिक म्हणजे ओव्या आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी. परीक्षेत हा प्रश्न हमखास असे आणि मुले 'भौतिक'च्या जागी 'भौगोलिक' लिहून हमखास अर्धा गुण घालवत. पण खुद्द मास्तरांच्या आयुष्यात एकाही साधनाने कधी पाय ठेवला नव्हता. मळ्यात बाभळीखाली ती जीप दिसली आणि वाटले, वाहतुकीचे साधन म्हणून ही निकामी असेल, पण इतिहासाचे साधन म्हणून काय वाईट?

मळेवाला बोलण्यात तयार होता. "सर, मिलिट्रीची गाडी हाये. लढाईत होती."

आमच्या जिल्ह्यात प्रत्येक जुनी जीप लढाईत होती, हे इथे सांगितले पाहिजे. दुसरीकडे जुन्या घरात गुप्तधन असते, तसे आमच्याकडे जुन्या जीपला युद्ध असते. याला कारण आहे. नगर हे लष्कराचे गाव. 2024 पासून सरकारी कागदावर ते अहिल्यानगर झाले, पण एस. टी.च्या कंडक्टरपुढे अजूनही 'एक नगर' म्हटले की भागते. इथे रणगाड्यांच्या दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे आणि ती जिथे आहे त्या वस्तीचे नावच मुळी वाहननगर. 1994 साली इथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी तिथे आहे आणि पाकिस्तानचा पॅटन रणगाडाही आहे. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही त्यांना चांदबिबीचा महाल दाखवतो आणि मग हा पॅटन दाखवतो. मुले पॅटनपाशी जास्त रमतात.

पॅटनपाशी उभे राहिले की जीपची खरी लढाई आठवतेच. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणच्या बाजूला, असल उत्तर गावाच्या उसात, अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन फोडले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एकीकडे चाळीस-पंचेचाळीस टनांचा पोलादी डोंगर आणि दुसरीकडे वरून उघडी, पत्र्याची, टनभर वजनाची जीप! मी वर्गात हा प्रसंग सांगे तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेही गप्प असत.

तेव्हा 'लढाईत होती' म्हटल्यावर माझ्या खिशातले पाकीट हलले हे खरे. पण मी इतिहासाचा मास्तर. बॉनेटवर हात ठेवला आणि मळेवाल्याचे महायुद्ध तिथेच संपले. महायुद्धातल्या जीपचे बॉनेट बुटके असते आणि तोंडावरच्या जाळीला नऊ फटी असतात. या जीपचे बॉनेट लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवाच्या छातीसारखे वर आलेले, आणि फटी सात. म्हणजे ही सीजे-3बी. 'सीजे' म्हणजे सिव्हिलियन जीप, आपली मुलकी. 1953 साली विलीज कंपनीने नवे उंच इंजिन काढले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उंच केले. बस्स, एवढाच तो रुबाब. अमेरिकेत हे मॉडेल 1968 साली बंद पडले, पण महिंद्रांनी आपल्याकडे ते पुढेही चालू ठेवले.

मी हे सगळे मळेवाल्याला समजावून सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मग सर, मुलकी लढाईत असंल." याच्याशी घासाघीस करून मी पाच हजार कमी केले.

घरी आल्यावर बाबू मिस्त्रींना बोलावले. बाबू मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. इतिहासात तीनदा नापास झाला आणि गॅरेज काढले. आज त्याचे स्वतःचे तीन मजली घर आहे. त्याने जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसे मला बाजूला घेतले.

"सर, चॅसी बरी आहे. पाटे गेलेत, बुश गेलेत, फ्लोअरचा पत्रा गेलाय, हूड तर नाहीच. दोन्ही मडगार्डांत पत्र्यापेक्षा लांबी जास्त. पण मला आधी एक सांगा, ओरिजनल करायची का चालती करायची?"

या प्रश्नाने मी दोन महिने झोपलो नाही.

कारण 'ओरिजनल' म्हणजे काय, हे पाहायला मी पुस्तके उघडली आणि जीपचा सगळा इतिहासच डुप्लिकेट निघाला! 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने 135 कंपन्यांना पत्रे धाडली: चार चाकांना जोर असलेली हलकी गाडी हवी, आणि नमुना 49 दिवसांत हवा. आपल्याकडे 49 दिवसांत टेंडरचा फॉर्म मिळत नाही. पेनसिल्व्हानियातल्या बँटम नावाच्या छोट्या, दिवाळे निघायच्या बेतातल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनियरला गाठले. त्याने दोन दिवसांत नकाशे काढले आणि 23 सप्टेंबर 1940 ला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. गाडी पसंत पडली. मग लष्कराने काय करावे? बँटमची गाडी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांना पाहू दिली, आणि मोठाल्या ऑर्डरी त्यांनाच दिल्या! विलीजने आपले साठ घोड्यांचे इंजिन घातले. फोर्डने स्वस्तात पत्रा ठोकून फटींची जाळी बनवली, ती विलीजने उचलली, आणि आज जगभर जीपचा म्हणून ओळखला जातो तो चेहरा मुळात फोर्डचा आहे. आपली गाडी विलीजच्या गाडीत हरवू नये म्हणून फोर्डने बोल्टांवर 'एफ' अक्षर ठोकले. आमच्याकडे लग्नात तांब्या-भांड्यांवर नाव घालतात तसे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे पावणेतीन हजार, आणि पुढे जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरचे काम. पोर जिच्या पोटी जन्मले, तिच्या हाती पाळणा हलवायची दोरी सुद्धा ठेवली नाही.

आपल्याकडे ही गाडी आली तीही गंमतच. युद्धकाळात के. सी. महिंद्रा हिंदुस्थानच्या खरेदी मंडळावर अमेरिकेत होते. तिथे त्यांची जीपच्या इंजिनाचा कर्ता बार्नी रूस याच्याशी गाठ पडली. 2 ऑक्टोबर 1945 ला लुधियान्यात महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' अशी कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि 1948 साली इकडे पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आले. मग मुंबईला माझगावात अमेरिकेतून सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली.

सौ.च्या पंचावन्न हजारांच्या प्रश्नावर मला या वाचनातच थोडा दिलासा सापडला. 1948 साली काश्मीरच्या लढाईसाठी खुद्द भारत सरकारने परदेशातून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्या मागवल्या होत्या. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा लंडनला हायकमिशनर. सुमारे 80 लाखांचा सौदा. आल्या 155 जीपगाड्या, आणि त्या वापरायच्या लायकीच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातले हे पहिलेवहिले खरेदी प्रकरण. 1955 साली सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्री झाले. मी हे सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही मंत्री होणार का?"

तर अशी ही कथा. आराखडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, तोंड तिसऱ्याचे, जोडणी माझगावची. आणि आमच्या जीपमध्ये तर कुणीतरी पेट्रोलचे इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवलेले. सरकारने 2021 साली पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचा वेगळा नियम केला, वेगळी 'व्हीए' नंबरमाला दिली. पण अट अशी, की चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. हा नियम वाचून मी जीपकडे पाहिले. फेरबदल वजा केला तर खाली एक स्टेपनी आणि कोंबडी उरत होती.

"गोधडीत मूळ लुगडं कुठलं, असं विचारतं का कुणी?" सौ. म्हणाली. ती जीपच्या बाजूने पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून मी वाद घातला नाही. "चालती कर," मी बाबू मिस्त्रींना सांगितले.

रंग खरवडायला सुरुवात झाली आणि माझ्यातला मास्तर पुन्हा जागा झाला. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्खनन झाले, तिथे एकाखाली एक पाच संस्कृतींचे थर लागले. आमच्या जीपला चार लागले. वर भडक पिवळा, हा वरातीचा काळ. त्याखाली पांढरा, त्यावर एका निवडणूक चिन्हाचा अर्धा भाग शिल्लक होता, कुठले ते सांगत नाही, कारण पुढे त्या पक्षाचे दोन झाले. त्याखाली निळा. आणि सगळ्यात खाली करड्या रंगावर अक्षरे दिसली: 'ष्ट्र शा'.

"महाराष्ट्र शासन!" मी ओरडलो. आतला टीव्ही बंद झाला. आप्पा बाहेर आले.

त्यांनी खुर्ची मागितली. जीपपाशी बसून त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला. मी श्वास रोखून विचारले, "आप्पा, हीच का ती?"

"न्हाई. माझ्या गाडीचं ब्रेकचं पेडल डाव्या अंगाला झिजल्यालं होतं. माझ्याच पायानं. ही दुसऱ्या कुणाची तरी हाये."

असे म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून टीव्ही बंद. सकाळी खुर्ची घेऊन ते जीपपाशी बसत आणि बाबू मिस्त्रींना हैराण करत. पाटा असा नाही तसा बसव. ग्रीस एवढे नको. पहिल्या गिअरला डबल क्लच लागतो, हे आजच्या पोरांना कोण सांगणार? माझा हेतू साधला म्हणून मी खूश होतो. आणि मग एके दिवशी त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक मेणकापडात गुंडाळलेली वही काढून बाबू मिस्त्रींपुढे टाकली. "ह्यात बघ, किती मैलाला आईल बदलायचो ते."

ते लॉगबुक होते. म्हणजे खरे लॉगबुक सरकारजमा. पण पेट्रोलचा हिशेब अंगाशी येऊ नये म्हणून आप्पा रोजची नक्कल स्वतःच्या वहीत उतरवून ठेवत. तारीख, कोठून, कोठे, अंतर, पेट्रोल, प्रवासाचा हेतू. मला आनंदाने भरते आले. घरात पन्नास वर्षे समकालीन लिखित साधन पडून होते आणि इतिहासाचा मास्तर बाहेर बाभळीखाली हिंडत होता!

वही 1972 आणि 73 ची होती. त्या दोन सालांना आमच्या जिल्ह्यात निराळे नाव लागत नाही, नुसते 'बहात्तर' म्हटले की पुरते. विहिरी कोरड्या पडल्या, गुरे बाजारात मातीमोल गेली. बायामाणसे रस्त्यावर खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला गेली. सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाऊन माणसे जगली. अमेरिकेच्या दोनच वस्तू तेव्हा पाथर्डी-जामखेडच्या वाडीवस्तीपर्यंत पोचल्या, मिलो आणि जीप. मिलो घशाखाली उतरत नसे आणि जीप घाटाखाली. कामे तपासत हिंडणारे साहेब त्या जीपमध्ये डावीकडे बसत. उजवीकडे आप्पा.

एक नोंद मात्र मला खटकली. 73 चा उन्हाळा. करंजी ते नगर आणि परत. निघण्याची वेळ रात्री अकरा, पोचण्याची पहाटे साडेतीन. हेतू: 'पाझर तलाव पाहणी'.

आता, पाझर तलाव मध्यरात्री पाहायला जाणारा साहेब महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. आणि नगर शहरात कुठला आलाय पाझर तलाव?

इथे मला थोडे घरचे सांगायला हवे, आणि ते सांगताना मी गंमत करणार नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी आप्पांवर ठपका आला. पेट्रोलचा हिशेब जुळत नव्हता. त्यांची एक वेतनवाढ कायमची रोखली. गावात बोलले गेले की ड्रायव्हरने पेट्रोल विकले. शाळेत पोरे मला 'ए पेट्रोल' म्हणून हाक मारत. घेऊ म्हटलेली सायकल आली नाही. आई एकदाच म्हणाली, "सगळेच इकतात," आणि तो विषय संपला. मी कधी आप्पांना विचारले नाही. मला वाटे, विचारले तर त्यांना 'हो' म्हणावे लागेल. मी मोठा झालो, मास्तर झालो, त्यांना सांभाळले, त्यांच्या पाया पडलो. पण मनात कुठेतरी तो पेट्रोलचा वास होता.

"आप्पा, ही रात्रीची पाहणी कसली?"

आप्पांनी वही डोळ्यांपाशी नेली. मग बराच वेळ जीपच्या जाळीकडे पाहत राहिले.

"एक खडीवरची बाई होती. अडली. तिथली सुईण म्हनाली, आता माझ्या हातात न्हाई. साहेब रेस्ट हाऊसला झोपल्याले. नवा पोरगा होता, नुकता नोकरीला लागल्याला. त्याला उठवला तर तो हो म्हनायचा का न्हाई, कुनाला ठावं. म्हनून न्हाईच उठिवला. गाडी ढकलत फाट्यापतुर नेली, तिथं चालू केली. करंजीचा घाट, एक दिवा बंद. मागं ती वरडतेय. नगरच्या सिव्हिलला नेऊन टाकली."

"मग?"

"मग काय, पहाटं सायबानं गाडीचा काटा बघितला. मी सांगितलं खरं ते. त्यो म्हनला, काय लिव्हायचं? म्या लिव्हलं पाझर तलाव. त्यानं सही केली. पोरगं चांगलं होतं. पुढं आडिट आलं, तव्हा पेट्रोल निघालं जास्ती. खरं सांगितलं असतं तर त्याची खोटी सही निघाली असती. त्याचं नवं लगीन झाल्यालं. म्या म्हनलं, टाकी गळत हुती. त्ये म्हनले, इकलं. म्हनंनात."

"आईला तरी सांगायचं!"

"तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. सगळ्या गावाला सांगती."

"आणि ती बाई?"

"पोरगी झाली म्हनं. नर्स बाहीर येऊन सांगून गेली. नाव इचाराया येळ न्हवता. साहेब उठायच्या आत माघारी यायचं हुतं."

बाबू मिस्त्री पान्हा हातात धरून तसाच उभा होता. मी वही मिटली. चौतीस वर्षे मी पोरांना बजावत आलो, की लिखित साधन खोटे बोलू शकते, ते मौखिक साधनाशी ताडून पाहा. अर्ध्या गुणाला अर्धा गुण कापत आलो. आणि माझे मौखिक साधन रोज समोर बसून चहा पीत होते!

त्या रात्री मला दायमाबादचा रथ आठवला. 1974 साली, म्हणजे आप्पांच्या त्या रात्रीनंतर वर्षभराने, तिथे एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार काशाच्या चाकाच्या वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक दोन बैलांचा रथ. काही हजार वर्षांपूर्वीचा. आमच्या जिल्ह्यातले सगळ्यात जुने वाहन. त्याचा फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवी आणि चाके, बैल, जू सगळे समजावून सांगे. एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. त्या रथात माणूस एकच आहे, उभा राहून हाकणारा. त्यात साहेब नाही. ज्या कुणी तो ओतला, त्याला एवढे कळत होते.

दिवाळीच्या आधी जीप चालू झाली. रंग करडाच दिला. 'ष्ट्र शा' तेवढे बाबूने न रंगवता ठेवले, म्हणाला, "सर, एवढं ओरिजनल आहे." कोंबडीची सोय सौ.ने मागच्या अंगणात केली.

पहिल्या फेरीला मी आप्पांना घेतले. ते सवयीने उजवीकडे गेले, चढायला पाय उचलला, आणि तो वर जाईना. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग काही न बोलता वळसा घालून डावीकडे आले. साहेबाच्या जागेवर ते उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बसले. बसले ते असे, की कुणी येऊन उठवील. मी पहिला गिअर टाकला, तो किंचाळला.

"डबल क्लच!" साहेब म्हणाले.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मी आदल्या दिवशीच बाजारातून नवे लॉगबुक आणले होते. खिशातून पेन काढले. सावेडी ते सावेडी. अंतर: एक फर्लांग. "आप्पा, हेतू काय लिहू?"

आप्पांनी चष्मा पुसला. "लिव्ह," ते म्हणाले, "पाझर तलाव पाहणी."

मी लिहिले. मग वही त्यांच्यापुढे धरून अधिकाऱ्याच्या सहीचा रकाना दाखवला. त्यांनी शर्टावर हात पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नावाने सही केली.